बदलाची किंमत : व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांतला एक प्रश्न

१/
१९३७ साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओतून एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याला पार्श्वसंगीत नव्हते. नायिका गात असे ती घरातल्या ग्रामोफोनच्या साथीवर, आणि एरवी ऐकू येत असे ते फक्त घरातले आवाज. त्यांत भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक सर्वांत ठळक होती. चित्रपटाचे नाव ‘कुंकू’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. एका म्हाताऱ्या वकिलाने एका तरुण मुलीशी फसवून लग्न केले आहे आणि ती मुलगी त्याला नवरा मानायला तयार नाही, एवढेच त्याचे कथानक. पण त्या टिकटिकीच्या मागे एक प्रश्न होता आणि तो पुढची पस्तीस वर्षे शांतारामांचा पाठलाग करत राहिला. चूक उमगलेला माणूस खरोखर बदलतो का? आणि बदललाच, तर त्याची किंमत कोण मोजतो?

२/
शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, कोल्हापूर परिसरातला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयात ते गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले, पुढे कुटुंबाबरोबर हुबळीला गेले. तिथे रेल्वेच्या कारखान्यात मजुरी आणि पत्र्याच्या शेडमधल्या एका सिनेमागृहात पडेल ते काम, असे त्यांचे दिवस गेले. नाटकाने त्यांना अभिनयाची तोंडओळख करून दिली, कारखान्याने यंत्राची भीती घालवली आणि सिनेमागृहाने अंधारात बसलेल्या प्रेक्षकाचा चेहरा वाचायला शिकवले. पुढे जे घडले त्याची सगळी बीजे या तीन ठिकाणी होती.

३/
१९२० च्या सुमारास मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. ही कंपनी बाबूराव पेंटर यांची. परदेशी कॅमेरा मिळेना, तेव्हा स्वतःच कॅमेरा घडवणारा हा चित्रकार. त्यांचा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली होती. अशा गुरूच्या हाताखाली कामाची वाटणी नसे. झाडलोट, रंगकाम, फिल्म धुणे, सेट उभारणे आणि वेळ आली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, सगळे एकाच माणसाने करायचे. ‘सुरेखाहरण’मध्ये शांताराम श्रीकृष्ण झाले, ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते.

४/
१९२५ साली याच कंपनीने ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून बसलेल्या आणि शेवटी शहराकडे ढकलल्या गेलेल्या शेतकरी कुटुंबाची ती गोष्ट. तरुण शेतकरी शांतारामांनी रंगवला. पडद्यावर देव-दैत्यांची आणि राजे-महाराजांची गर्दी असण्याचा तो काळ. अशा वेळी फाटके कपडे घातलेला कुणबी हाही चित्रपटाचा नायक असू शकतो, हे त्यांनी ऐकून नव्हे तर स्वतः उभे राहून अनुभवले. नारायण हरी आपटे हे नावही लक्षात ठेवावे. या धाग्यात ते पुन्हा दोनदा भेटणार आहे.

५/
१९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाने शांताराम दिग्दर्शक झाले. दोन वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, त्यांनी गुरूची कंपनी सोडली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल उभे करणारे सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे बोधचिन्ह. गंमत अशी, की ते ठरले तेव्हा चित्रपट अजून मुके होते. पडद्यावरची तुतारी दिसे, ऐकू येत नसे. तिचा स्वर बोलपटांच्या आगमनानंतरच प्रेक्षकांच्या कानी पडला.

६/
त्या काळात पडद्यावर काय दाखवायचे याचा निर्णय फक्त दिग्दर्शकाच्या हाती नसे. प्रभातने १९३० मध्ये शिवचरित्रावर चित्रपट तयार केला. नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः शांताराम. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला पचला नाही. कात्री चालली, नाव बदलले आणि चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित झाला. पाच वर्षांनी संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’ चित्रपटाचीही तीच गत झाली. नावातून गांधीजींची आठवण होते म्हणून तो ‘धर्मात्मा’ झाला. त्यात एकनाथांची भूमिका केली बालगंधर्वांनी. अस्पृश्यांना जवळ करणाऱ्या संताची ती कथा होती. नाव बदलले तरी आशय बदलला नाही आणि तो कोणासाठी आहे, हे प्रेक्षकांना नेमके कळत होते.

७/
मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचे दिवस भरले. प्रभातने फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. घरंदाज कुटुंबातली सुशिक्षित स्त्री चित्रपटात काम करते, ही गोष्ट त्या काळी बातमी ठरावी अशी होती. हाच चित्रपट हिंदीतही निघाला. इथून पुढे प्रभातचे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत होऊ लागले. कोल्हापुरात बसून कराचीपासून कलकत्त्यापर्यंतच्या प्रेक्षकांशी बोलण्याचा तो मार्ग होता.

८/
प्रयोग करायचा म्हणजे फसण्याचीही तयारी हवी. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला गेला. त्यासाठी शांताराम जर्मनीला गेले, तिथल्या प्रयोगशाळेत प्रती तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. खर्च वाया गेला. प्रवास मात्र गेला नाही. जर्मन चित्रपटातला प्रकाश-सावल्यांचा खेळ, कॅमेऱ्याचे चमत्कारिक कोन आणि चेहऱ्यावर उमटणारी मनाची अवस्था हे सारे त्यांनी जवळून पाहिले. त्याच वर्षी प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान हलवले. एरंडवण्याच्या मोकळ्या माळावर स्टुडिओ उभा राहिला.

९/
पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा. कथेचा आधार पुन्हा नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीचा. राजा यज्ञातले बळी बंद करतो आणि आपली सत्ता जाईल या भीतीने राजगुरू त्याचा खून घडवून आणतो. हिंदी आवृत्तीत राजगुरू झाले चंद्रमोहन. त्यांचे पाणीदार डोळे शांतारामांनी टेलिफोटो भिंगातून टिपले. एकच डोळा सारा पडदा व्यापून प्रेक्षकाकडे पाहतो. रंगभूमीवर शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा डोळा कधीच दिसत नाही. नाटकातून आलेल्या दिग्दर्शकाने नाटकाला अशक्य असलेली गोष्ट शोधून काढली होती. हा डोळा धर्मांधाचा आहे, तो बदलत नाही. त्याच्या नजरेत फक्त भीती आणि धाक आहे. तेवीस वर्षांनी शांताराम पुन्हा डोळ्यांकडे वळले, तेव्हा त्यांचा अर्थ पार उलटला होता.

१०/
आता ‘कुंकू’. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाने १८९९ मध्येच तो ऐरणीवर आणला होता. पण तिथे आणि इथे मोठा फरक आहे. ‘शारदा’त म्हाताऱ्याचे लग्न भर मांडवात मोडते. नदीत जीव द्यायला निघालेल्या शारदेला वाचवायला कोदंड धावून येतो. ‘कुंकू’त लग्न लागून गेलेले आहे. आता कोणी कोदंड येणार नाही. नीराला जे करायचे ते तिलाच करायचे आहे आणि ती ते करते. दार लावून घेते, नकार देते, वाद घालते.

११/
नीराची भूमिका केली शांता आपटे यांनी. अशी नायिका मराठी पडद्यावर त्याआधी दिसली नव्हती. ती रडून सहानुभूती मागत नाही. समोर म्हातारे काकासाहेब म्हणून केशवराव दाते. इथे शांतारामांमधल्या दिग्दर्शकाचा खरा कस लागला. काकासाहेबांना निव्वळ खलनायक करणे सोपे होते आणि प्रेक्षकांनाही ते आवडले असते. तसे झाले नाही. घड्याळ पुढे सरकते, आरशात स्वतःचे वय दिसते आणि त्या माणसाला हळूहळू कळू लागते, की आपण एका जिवंत माणसाचे आयुष्य विकत घेऊ पाहिले. पार्श्वसंगीत नसल्याने प्रेक्षकाला ‘आता हसा, आता रडा’ असे सांगणारे कोणीच नाही. त्या शांततेत म्हाताऱ्याची लाज ऐकू येते.

१२/
काकासाहेब बदलतात. पण बदललेल्या माणसाला परत फिरायला वाट उरलेली नाही. नीराला मोकळे करावे, तर कायदा आणि रूढी दोन्ही आडव्या. शेवटी ते स्वतःचे जीवन संपवतात आणि मागे ठेवलेल्या पत्रात नीराला दुसरे लग्न करायला सांगतात. हा शेवट सुखाचा नाही, त्याला न्याय म्हणणेही अवघड आहे. एका पुरुषाची जाणीव जागी झाली तरी त्याने केलेले नुकसान भरून निघत नाही, एवढे मात्र चित्रपट स्पष्टपणे सांगतो. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले. रँग्लर परांजपे यांच्या या कन्येने पुढे प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाच्या प्रसारासाठी काम केले आणि १९६४ मध्ये त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. पडद्यावरची भूमिका आणि पडद्याबाहेरचे आयुष्य यांतले अंतर इतके कमी क्वचितच असते.

१३/
१९३९ मध्ये ‘माणूस’ आला. गणपत हा साधा पोलीस शिपाई, मैना ही वेश्या. एका धाडीत त्यांची गाठ पडते. भूमिका शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ येऊन चार वर्षे झाली होती. प्रेमात हरलेल्या तरुणाने दारूत बुडून मरावे, याचे देशभर कौतुक चालले होते. ‘माणूस’ हे त्याला दिलेले उत्तर मानले जाते. गणपत मैनेला घरी आईकडे नेतो, तिला नव्या आयुष्याची स्वप्ने दाखवतो. मैनाही बदलायला तयार आहे. पण तिच्या भूतकाळाचे ओझे तिला ती चौकट ओलांडू देत नाही. अखेर ती खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात जाते. गणपतने सुटकेची धडपड करावी, हेही तिला नको आहे.

१४/
इथे प्रश्नाचा दुसरा पदर उलगडतो. ‘कुंकू’त चूक करणारा बदलला, पण उशीर झाला. ‘माणूस’मध्ये बदलू पाहणारी स्त्री वेळेवर जागी झाली, पण समाज जागचा हलला नाही. आणि गणपत? तो देवदास होत नाही. कोसळतो, सावरतो आणि पुन्हा कामावर रुजू होतो. प्रेम हे आयुष्याचे सर्वस्व नाही, आयुष्य त्याहून मोठे आहे, हे त्या काळच्या तरुण प्रेक्षकाला कोणीतरी सांगायला हवे होते. पण या धीरोदात्त शेवटातही एक बोच उरतेच. गणपत रस्त्यावर परत येतो, मैना गजाआडच राहते. किंमत पुन्हा तिनेच मोजलेली असते.

१५/
मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. १९४१ मध्ये प्रभातचा ‘शेजारी’ आला. पटकथा विश्राम बेडेकर यांची. जिवबा पाटील आणि मिर्झा हे गावातले जुने मित्र. धरणासाठी जमीन हवी असलेला कारखानदार दोघांत वितुष्ट पेरतो. मराठी आवृत्तीत पाटील केशवराव दाते होते आणि मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त मिर्झा जागीरदारच राहिले, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. या अदलाबदलीविषयी पडद्यावर कोणी भाषण करत नाही. तिचे काम ती मुकाट्याने करते.

१६/
‘शेजारी’च्या शेवटी धरण फुटते. भांडलेले दोन्ही म्हातारे एकमेकांकडे धाव घेतात आणि पाण्याच्या लोंढ्यात एकत्र मरतात. त्या काळच्या साधनांनी उभा केलेला तो प्रलय आजही पाहणाऱ्याला चकित करतो. पण महत्त्वाचा आहे तो त्याचा क्रम. आधी समेट होऊन मग संकट टळत नाही. संकट आल्यावर समेट होतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो इशारा होता. सहा वर्षांनी फाळणी झाली. त्यानंतर त्या शेवटाकडे निव्वळ चित्रपटाचा शेवट म्हणून पाहणे कोणालाच सोपे राहिले नसेल.

१७/
‘शेजारी’ हा शांतारामांचा प्रभातमधला अखेरचा चित्रपट. भागीदारांतले मतभेद वाढले होते. त्यातच त्यांनी चित्रपटाची नायिका जयश्री हिच्याशी दुसरा विवाह केला होता. १९४२ मध्ये ते बाहेर पडले. ज्या संस्थेने ‘संत तुकाराम’सारखा दामले-फत्तेलालांचा अजोड चित्रपट दिला, ज्या संस्थेत पुढे गुरुदत्त आणि देव आनंद यांनी पहिली पावले टाकली, ती प्रभात १९५३ पर्यंत कशीबशी टिकली. १९६० मध्ये त्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. आज एफटीआयआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या आवाराच्या पोटात प्रभातचाच स्टुडिओ आहे.

१८/
शांताराम मुंबईला आले. परळला, जिथे पूर्वी वाडिया मूव्हिटोन होते, तिथे त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केले. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांचा तो जोड. पहिला चित्रपट ‘शकुंतला’ मुंबईत जवळजवळ दोन वर्षे चालला आणि पुढे अमेरिकेतही दाखवला गेला. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. त्याच्या दिग्दर्शनात शांतारामांबरोबर एक जुने नाव होते, बाबूराव पेंटर. अठरा वर्षांपूर्वी ज्यांची कंपनी सोडली, त्या गुरूला शिष्याने आपल्या स्टुडिओत दिग्दर्शकाची खुर्ची दिली. हाच चित्रपट मराठीतल्या तमाशापटांच्या लाटेचा आरंभ ठरला.

१९/
बोलपटांच्या काळात शांताराम स्वतः पडद्यावर फारच थोड्या वेळा आले. ज्या भूमिका त्यांनी निवडल्या, त्यांतल्या दोन ठळक आहेत. पहिली १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मधली. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे जपानी आक्रमणाशी लढणाऱ्यांची त्यांनी शुश्रूषा केली, चिनी सहकारी स्त्रीशी विवाह केला आणि डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट झाला. परक्या माणसांसाठी झिजणाऱ्या या डॉक्टरची भूमिका शांतारामांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही.

२०/
दुसरी भूमिका १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली. त्याचे मूळ साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात सापडते. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत सुरू झाली. गुन्हेगारांना भिंतीआड न डांबता शेती करू द्यावी, कुटुंबासह राहू द्यावे, असा तो प्रयोग. पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. ही हकिगत ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून चित्रपटाची कथा झाली. माडगूळकर त्याच माणदेशचे.

२१/
जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना घेऊन एका ओसाड जागी जातो. बेड्या नाहीत, पहारा नाही. बारा हात राबतात, दोन डोळे विश्वासाने पाहत राहतात. त्या नजरेची आठवणच कैद्यांना बांधून ठेवते. ‘अमृतमंथन’मधला धाक दाखवणारा डोळा इथे बंधन न घालता बांधून ठेवणारा झाला. कैदी बदलतात, माळरानात भाजी पिकवतात, प्रामाणिक दरात विकतात. त्यामुळे बाजारातल्या दलालांचे पोट दुखते. शेवटी पिसाळलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण गमावतो. सहा माणसे बदलली, पण ती फुकट बदलली नाहीत. जो त्यांच्यावर विश्वास ठेवत होता, त्याने किंमत मोजली.

२२/
या चित्रपटाच्या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली अशी, की त्याच्या दोनच वर्षे आधी शांतारामांनी ‘झनक झनक पायल बाजे’ हा नृत्यपट टेक्निकलरमध्ये काढून उदंड यश मिळवले होते. तरीही तुरुंगाची गोष्ट त्यांनी कृष्णधवलच ठेवली. दुसरी, बैलाशी झुंजीचे चित्रण करताना, पन्नाशी उलटलेली असताना, त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून अंधारात राहावे लागले. त्या अंधारात दिसलेल्या रंगांतून ‘नवरंग’ सुचल्याचे त्यांनीच सांगितले आहे. ‘दो आँखें’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल. वसंत देसाईंनी संगीत दिलेली त्यातली प्रार्थना तर शेकडो शाळांत म्हटली गेली.

२३/
त्यानंतरच्या काळाविषयी जाणकारांचे एकमत नाही. ‘नवरंग’, ‘सेहरा’, ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ या चित्रपटांत रंग, नृत्य आणि सजावट यांचा पूर आहे. ज्या दिग्दर्शकाने एका घड्याळाच्या आवाजावर चित्रपट पेलला, त्यालाच आता शांतता नकोशी झाली होती. संध्या यांच्या नृत्यांवर प्रेक्षक खूश होते. टीकाकार मात्र भडकपणाकडे बोट दाखवत राहिले. ती टीका खोटी नाही. मात्र शांतारामांनी आयुष्यभर ज्या तांत्रिक हौसेने भिंगे, ट्रॉली आणि रंग हाताळले, तिचेच हे टोक होते. फरक एवढाच, की त्या हौसेच्या पाठीशी असणारा प्रश्न आता हरवला होता.

२४/
तो प्रश्न १९७२ मध्ये परत आला आणि उलटा होऊन आला. ‘पिंजरा’ची प्रेरणा १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची, माती मात्र पूर्णपणे मराठी. अनंत माने यांची कथा, शंकर पाटील यांचे संवाद, जगदीश खेबुडकर यांची गीते, राम कदम यांचे संगीत. गाव सुधारणारे आदर्श गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागतात आणि फडात तुणतुणे धरण्यापर्यंत घसरतात. गुरुजी झाले डॉ. श्रीराम लागू. घसा-कान-नाकाचे डॉक्टर असलेल्या लागूंनी काही वर्षांपूर्वीच व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली होती.

२५/
‘दो आँखें’त वाईट माणसे चांगली होतात. ‘पिंजरा’त चांगला माणूस खाली येतो. गाव समजते की गुरुजींचा खून झाला, आणि त्यांचा पुतळा उभारते. खरे गुरुजी मात्र त्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात, म्हणजे आपणच आपले खुनी. खरे बोलले तर प्राण वाचतील, पण ज्या आदर्शाकडे पाहून गाव सुधारले तो कोसळेल. ते गप्प राहतात. माणूस संपला तरी चालेल, त्याने रुजवलेला बदल टिकला पाहिजे. किंमत मोजण्याचा हिशेब इतका निष्ठुर शांतारामांनी आधी कधी मांडला नव्हता. आणि त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. गावाचे चांगुलपण आता एका असत्यावर उभे आहे.

२६/
१९८५ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने शांतारामांचा गौरव झाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मूकपट ते रंगीत पडदा, कोल्हापूरचे हाताने घडवलेले कॅमेरे ते टेक्निकलर, एवढा प्रवास एका माणसाच्या हयातीत झाला. त्यांच्या नावावर अनेक ‘पहिले’ सांगितले जातात. पहिला मराठी बोलपट, परदेशी पडद्यावर पोहोचलेले पहिले चित्रपट, अशी ती यादी लांबत जाते. पण यंत्रे जुनी होतात आणि ‘पहिले’ हा मान पुढच्या पिढीला फार काळ पुरत नाही.

२७/
टिकून राहते ते वेगळेच. ‘कुंकू’मधला म्हातारा, ‘माणूस’मधली मैना, धरणाच्या पाण्यातले दोन शेजारी, बैलांसमोरचा जेलर आणि स्वतःच्या पुतळ्यापुढे मुका झालेला गुरुजी. या पाचही गोष्टींत बदल घडतो आणि पाचही गोष्टींत त्याचा हिशेब कोणालातरी चुकता करावा लागतो. समाजसुधारणा म्हणजे चांगला विचार सांगितला की झाले, असे मानणाऱ्या काळात चित्रपट काढणाऱ्या माणसाने हे वारंवार दाखवले. ‘कुंकू’ आजही पाहता येतो. पाहताना आवाज थोडा वाढवावा. संगीत नसलेल्या त्या जागांत घड्याळ अजून चालू आहे.